जप्तीतून वगळलेली भांडी

बँकेच्या नोकरीतली माझी सुरुवातीची काही वर्षे वसुली विभागात गेली. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा बँकांना देणारा सरफेसी कायदा तेव्हा आलेला नव्हता. कर्ज थकले की दिवाणी दावा, दाव्याचा हुकूमनामा, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त आणि मग एके दिवशी न्यायालयाच्या बेलिफाबरोबर कर्जदाराच्या दारात जाऊन उभे राहणे, असा तो लांबलचक प्रवास असे. पहिल्याच जप्तीच्या वेळी उत्साहाच्या भरात मी दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवू लागलो, तेव्हा त्या वयस्कर बेलिफाने मला बाजूला घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 समजावून सांगितले. ऋणकोच्या कुटुंबाचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीमुळे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. ‘साहेब, टीव्ही लिहा, भांडी सोडा,’ एवढेच तो म्हणाला आणि पंचनाम्याचा कागद पुढे ओढून लिहू लागला.

1908 सालच्या या संहितेने धनकोचा हक्क नाकारलेला नाही. पैसे दिले आहेत, ते परत मिळाले पाहिजेत आणि त्यासाठी राज्याची सगळी यंत्रणा धनकोच्या मागे उभी राहील, हे ती मान्यच करते. फक्त तो हक्क माणसाच्या चुलीपाशी येऊन थांबतो, एवढेच ती सांगते. आपल्या मुलखाला ही मर्यादा सहज मिळालेली नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, तिथले कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरले. त्यानंतर चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्याची वाट बंद केली. दंगेखोरांनी धान्यापेक्षा कागदावर राग काढला, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. आपला गळा कशाने आवळला जातो आहे, हे त्यांना नेमके कळले होते.

एका माणसाच्या कर्जाला अशी सीमा आहे. सरकारच्या कर्जाला ती आहे का, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा नीट उभा राहिला तो 2022 मध्ये, श्रीलंकेच्या बातम्या वाचताना.

त्या वर्षी 18 जानेवारीला श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने मुदत संपलेल्या आंतरराष्ट्रीय रोख्यांचे 50 कोटी डॉलर रोखेधारकांना चुकते केले. एरवी ही बातमी अर्थविषयक पानाच्या तळाशी गेली असती. पण 2019 च्या अखेरीस सुमारे 760 कोटी डॉलर असलेली देशाची परकीय गंगाजळी तोवर झपाट्याने आटत चालली होती, बंदरात माल येऊन पडला तरी तो सोडवून घ्यायला डॉलर मिळत नव्हते, आणि हे पैसे आत्ता देऊ नका, धनकोंशी बोलणी करून मुदत मागा, म्हणजे उरलेल्या डॉलरांत इंधन आणि औषधे आणता येतील, असे अनेक अर्थतज्ज्ञ जाहीरपणे सांगत होते. शिवाय श्रीलंकेचे रोखे बाजारात कित्येक महिने दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने विकले जात होते. म्हणजे ज्यांनी ते पडत्या भावात उचलले होते, त्यांना त्या दिवशी पूर्ण रक्कम मिळाली. सरकारचे म्हणणे असे की देशाने आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, ती पत राखली पाहिजे. पत राखण्याचा हा आग्रह मी कर्जदारांमध्ये फार वेळा पाहिला आहे. बायकोचे दागिने मोडून शेवटचा हप्ता भरणारा आणि पुढच्याच महिन्यात हात टेकणारा कर्जदार वसुली खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असतो. फरक इतकाच की इथे दागिने दुसऱ्यांचे होते.

पुढच्या तीन महिन्यांत काय झाले ते आपण सर्वांनीच वाचले होते, पण माणसांची स्मृती अशा बाबतीत अधू असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद आणि शाई आयात करणे परवडत नव्हते. रॉकेल आणि पेट्रोलच्या रांगांत तासन्‌तास उभी राहिलेली वृद्ध माणसे उन्हात कोसळून मेली, आणि पंपांवर लष्कर तैनात करावे लागले. महिना संपता संपता दिवसाला 13 तास वीज जाऊ लागली. 29 मार्चला पेरादेणियाच्या शिक्षण रुग्णालयाने औषधांअभावी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. श्रीलंकेला लागणाऱ्या औषधांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बाहेरून येतात. डॉलर संपले की तिथे शस्त्रक्रियेचे टेबलही रिकामे राहते. एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या वैद्यक संघटनेने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून इशारा दिला की पुरवठा लगेच सुरू झाला नाही तर आता तातडीचे उपचारही थांबतील. 12 एप्रिल 2022 रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केल्याचे जाहीर केले. 1948 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून असे पहिल्यांदाच घडत होते. मे महिन्यात अर्थमंत्री अली साब्री यांनी संसदेत सांगितले की प्रत्यक्ष वापरता येतील असे परकीय चलन 5 कोटी डॉलरहूनही कमी उरले आहे. जानेवारीत एका दिवसात दिलेल्या रकमेचा हा दहावा हिस्सासुद्धा नव्हता.

हे सगळे एका हप्त्यामुळे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. 2019 च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला आणि इतर करांतही मोठ्या सवलती दिल्या. मग कोविडने पर्यटन बुडवले. 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घालून भाताचे आणि चहाचे उत्पादन खाली आणले आणि काही महिन्यांत ती बंदी मागेही घेतली. कराचा महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास घसरला, तेव्हा सरकारी महसुलातल्या दर शंभर रुपयांतले 70 हून अधिक रुपये निव्वळ व्याजात जाऊ लागले. उरलेल्या तिसांत शाळा, दवाखाने, पगार, पोलीस, सैन्य. आपल्याकडे श्रीलंकेचे नाव निघाले की चर्चा हंबनटोटा बंदर आणि चिनी सापळ्यावर जाऊन थांबते, आणि 2017 मध्ये ते बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले हे खरेच आहे. पण परकीय देण्यातला सर्वात मोठा आणि महागडा वाटा 2007 पासून बाजारात विकलेल्या आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता. त्या रोख्यांचे धनी कुठले एखादे सरकार नव्हते. ते जगभरचे गुंतवणूक निधी होते, आणि करार न्यूयॉर्कच्या कायद्याखाली झालेले होते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण तेव्हा आपल्या वृत्तपत्रांत फार वेळा छापली गेली. मला ती तिथे खटकली, कारण सण केला एकाने आणि उपास घडला भलत्याच घरात.

मानवी हक्कांचा प्रश्न माझ्या मते नेमका इथे येतो. सरकारने कर्ज काढावे की नाही, हा त्याचा गाभा नाही. कर्जाशिवाय धरणे, रेल्वे, रुग्णालये उभी राहात नाहीत, आणि ज्या श्रीलंकेने 1940 च्या दशकातच शिक्षण मोफत केले, ज्या देशाची सार्वजनिक आरोग्यसेवा आपण हेव्याने पाहात आलो, त्या देशाला सरकारी खर्च म्हणजे उधळपट्टी, हे शिकवण्याची गरज नव्हती. प्रश्न आहे तो पैसा अपुरा पडल्यावर रांगेत पहिला कोण, याचा. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर श्रीलंकेने 1980 मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. उपलब्ध साधनांचा कमाल वापर करून हे हक्क पूर्ण करत नेण्याचे वचन त्या कराराच्या दुसऱ्या कलमात आहे. रोखेधारकाशी केलेला करार आणि नागरिकाशी केलेला हा करार, दोन्ही त्याच राज्याने केले आहेत. पहिला मोडला तर न्यूयॉर्कमध्ये खटला उभा राहतो. दुसरा मोडला तर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे अहवाल सादर होतो. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने परकीय कर्ज आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. कर्जफेडीपायी लोकांच्या किमान हक्कांची पूर्तता धोक्यात येऊ नये, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे देशांसाठीचे कलम 60 कागदावर आहे, पण ते कोणावरही बंधनकारक नाही आणि त्याच्यामागे बेलीफ नाही.

न्यूयॉर्कचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. परतफेड थांबवल्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, जून 2022 मध्ये, सेंट किट्स आणि नेव्हिस इथल्या हॅमिल्टन रिझर्व्ह बँकेने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात श्रीलंकेवर दावा लावला, कारण त्या जुलैत मुदत संपणाऱ्या रोख्यांपैकी 25 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे आपल्याकडे आहेत, असे तिचे म्हणणे होते. कोलंबोत त्याच आठवड्यांत शाळा बंद होत्या, आणि सरकारी नोकरांना परसात भाजी लावण्यासाठी शुक्रवारची सुट्टी देण्यात आली होती. तो खटला स्थगितीत लोंबकळत राहिला, पण अशा दाव्यांची ताकद किती असते हे अर्जेंटिनाने 2012 मध्ये अनुभवले होते. एका अमेरिकी गुंतवणूक निधीच्या सांगण्यावरून अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘लिबर्ताद’ हे शिडाचे प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवण्यात आले आणि ते सोडवण्यासाठी सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे जावे लागले. युद्धनौकेला निदान न्यायाधिकरण मिळाले. व्यक्तीसाठी आणि कंपनीसाठी दिवाळखोरीचा कायदा असतो, देशासाठी तो नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच या शतकाच्या सुरुवातीला तशी एक व्यवस्था सुचवली होती. मोठ्या देशांना आणि रोख्यांच्या बाजाराला ती नको होती, म्हणून ती तिथेच मिटली.

या कथेतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र श्रीलंकेतच घडला, आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. 9 जुलै 2022 ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, गोटाबाया देश सोडून गेले, 14 जुलैला त्यांनी राजीनामा दिला, ही दृश्ये सर्वांना आठवतात. 14 नोव्हेंबर 2023 चा निकाल फारसा कोणाला आठवत नाही. त्या दिवशी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया, माजी पंतप्रधान महिंदा आणि माजी अर्थमंत्री बासिल हे तिघे राजपक्षे बंधू, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि अर्थखात्याचे माजी सचिव यांनी अर्थव्यवस्थेच्या गैरव्यवस्थापनातून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग केला, असे ठरवले. अडचण अशी होती की त्यांच्या राज्यघटनेत अन्न, आरोग्य यांचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. पुरेशा अन्नासारखी उद्दिष्टे तिथे, आपल्या राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांसारखी, वेगळ्या प्रकरणात ठेवलेली आहेत. म्हणून न्यायालयाने कायद्यापुढील समानतेचे अनुच्छेद 12 (1) धरले आणि सत्ता ही लोकांनी सोपवलेली विश्वस्त ठेव असते, या तत्त्वाच्या आधाराने निकाल दिला. करकपात, रुपयाचा भाव कृत्रिमपणे रोखून धरणे, वेळेवर मदत न मागणे हे ‘धोरणात्मक निर्णय’ आहेत, न्यायालयाने त्यांत पडू नये, हा बचाव टिकला नाही. नुकसानभरपाई कोणालाच मिळाली नाही, अर्जदारांना खर्चापोटी दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला, आणि यावर अनेकांनी नाके मुरडली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. सरकारने कर्ज कसे हाताळले यावरून नागरिकाच्या हक्काचा भंग झाला, हे वाक्य एका सर्वोच्च न्यायालयाने लिहिले आहे. वकिलांना ते पुढची कित्येक वर्षे पुरेल.

तोपर्यंत दुसरा अंक सुरू झाला होता. मार्च 2023 मध्ये नाणेनिधीने चार वर्षांसाठी सुमारे 300 कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. मूल्यवर्धित कर टप्प्याटप्प्याने वाढत जानेवारी 2024 मध्ये 18 टक्क्यांवर गेला. विजेचे दर ऑगस्ट 2022 मध्ये सरासरी 75 टक्क्यांनी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा 66 टक्क्यांनी वाढले. मधल्या काळात, सप्टेंबर 2022 मध्ये, कोलंबोतली अन्नपदार्थांची महागाई 94.9 टक्क्यांवर पोचून आली होती, आणि जागतिक बँकेच्या हिशेबाने एका वर्षात गरिबीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊन 25 टक्क्यांवर गेले होते. कर वाढवणे आवश्यक होते, हे मी नाकारत नाही; जितका कर गोळा होत होता तेवढ्यावर कोणतेच राज्य चालले नसते. पण मिठापासून साबणापर्यंत सगळ्यांवर बसणारा कर आणि मोठ्या मिळकतींवर बसणारा कर यांतला कोणता आधी वाढतो, हा हिशेब प्रत्येक देशात एकाच बाजूला कलतो.

त्याहून मला डाचला तो 2023 च्या जून-जुलैतला देशांतर्गत कर्जाच्या पुनर्रचनेचा निर्णय. परकीय धनको सवलत द्यायला तयार व्हावेत म्हणून देशातल्या धनकोंनीही झीज सोसावी, असे ठरले. इथपर्यंत ठीक. पण व्यापारी बँकांना त्यातून वगळले आणि भार मुख्यतः भविष्य निर्वाह निधींवर टाकला. खासगी क्षेत्रातल्या नोकरदारांचा, त्यांत कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुलींचा आणि चहाच्या मळ्यांतल्या मजुरांचा पैसा ज्या निधीत साठतो, त्या निधीने आपले जुने सरकारी रोखे देऊन नवे, लांब मुदतीचे रोखे घ्यायचे, ज्यांवर 2025 पर्यंत 12 टक्के आणि पुढे 9 टक्के व्याज मिळेल. निधीला नकार देता येत होता, पण नकार दिल्यास त्याच्या रोख्यांच्या उत्पन्नावरचा कर 14 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर जाणार होता. वसुली खात्यात आम्ही याला ‘ऐच्छिक तडजोड’ म्हणत असू. वसुलीच्या साहेबालाही हसू आवरत नसे. बँका कोलमडल्या तर ठेवीदार बुडतील, हा युक्तिवाद पोकळ नाही; तरीही भरपाई कोणाकडून घेतली गेली हे पाहिले तर ती अशांकडून घेतली गेली ज्यांना त्या टेबलाशी खुर्चीच नव्हती. चहाच्या मळ्यातल्या बाईला आपण आपल्या सरकारचे धनको आहोत, हे बहुधा त्याच दिवशी कळले असेल, आणि तेही आपल्याला कमी मिळणार आहे या स्वरूपात.

आणखी एक हक्क या कर्जात वाहून गेला, ज्याची गणना कोणी आर्थिक हक्कांत करत नाही. मार्च 2023 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका व्हायच्या होत्या, आणि अर्थखात्याने निवडणुकीसाठी पैसे नाहीत असे सांगितल्यावर त्या बेमुदत लांबल्या. ज्या वर्षी कर, वीजदर आणि भविष्य निर्वाह निधी यांविषयी सर्वात कटू निर्णय घेतले गेले, त्या वर्षी लोकांना त्यांवर मत देण्याची एकमेव जवळची संधी काटकसरीच्या नावाखाली गेली. 22 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाही मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि त्यासाठी अर्थमंत्री या नात्याने राष्ट्राध्यक्षांना व निवडणूक आयोगाच्या सदस्यांना जबाबदार धरले. प्रत्यक्ष मतदान झाले ते 6 मे 2025 रोजी. व्याजाच्या हप्त्याला दोन वर्षे उशीर झाला तर त्याला थकबाकी म्हणतात आणि त्यावर दंडव्याज लागते.

श्रीलंकेच्या धनकोंमध्ये आपणही आहोत, हे मराठी वाचकाने विसरू नये. 2022 मध्ये भारताने सुमारे 400 कोटी डॉलरची मदत केली, आणि त्या वेळी इतक्या तत्परतेने दुसरे कोणीही पुढे आले नाही, याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण ती मदत बहुतांशी दान नव्हती. इंधनासाठीचे 50 कोटी डॉलर भारताच्या निर्यात-आयात बँकेने, म्हणजे एक्झिम बँकेने, आणि अन्न-औषधांसाठीचे 100 कोटी डॉलर भारतीय स्टेट बँकेने दिले. दोन्हींची मुख्यालये मुंबईत आहेत, आणि दोन्ही व्यवहारांची नोंद कर्ज म्हणूनच आहे. पुढे कर्जपुनर्रचनेसाठी सरकारी धनकोंची जी समिती बसली तिचे सहअध्यक्षपद जपान आणि फ्रान्सबरोबर भारताकडे होते. जून 2024 मध्ये त्या समितीशी करार झाला आणि मुद्दलाची परतफेड 2028 पर्यंत पुढे गेली. आपल्या घरातल्या कर्जदाराची भांडी जप्तीतून वगळणारा कायदा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे आहे, आणि त्यामुळे या देशात कर्ज देणे कोणी थांबवलेले नाही. कर्ज देणारा जरा जास्त विचार करून देतो, एवढेच. धनको म्हणून त्या टेबलाशी बसताना आपण तोच नियम मांडू शकतो, आणि तो मांडण्याचा अधिकार आपल्याइतका फार थोड्या धनकोंना असेल. 2028 ला अजून थोडा अवकाश आहे. तेव्हा जो पहिला हप्ता मुंबईला येईल, तो कशातून वाचवून पाठवला गेला, हे विचारणारा एखादा बेलीफ आपल्या बाजूला असावा, असे मला वाटते.